गुरुवारचा ट्रंककॉल

दर गुरुवारी दुपारी लीलाधर बोरसे दाढी करायचे. एरवी हा माणूस चार-चार दिवस गालाला ब्लेड लावत नसे. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मागे घर. गिऱ्हाइकाचा रेडिओ बोलायला लागला म्हणजे झालं, दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतो? पण गुरुवारी जेवण झालं की आरशापुढे फेस लागलाच म्हणून समजा. त्यांच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, हे दोन महिने नुसतं पाहिलं आणि एक दिवस ताटं उचलता उचलता विचारलं, "आज जळगावना फोन शे ना? मंग दाढी कसाले करतस? फोनमा तोंड दिसस का?"

लीलाधरभाऊ ब्रश भिजवायला उठले. खरं उत्तर होतं, पण ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

आता हा फोन कसला, ते आधी सांगायला हवं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लीलाधरभाऊंचं 'खटका' नावाचं सदर यायचं. विषय एकच, कॉम्प्युटर आणि त्याच्या नावाने जगभर चाललेली भांडणं. धुळ्यात तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि त्यात लीलाधरभाऊ नव्हते. पण त्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. वरणगावच्या कारखान्यातला साडू जुनी इंग्रजी मासिकं पाठवायचा. दुरुस्तीला आलेल्या रेडिओवर लंडनच्या बातम्या लागायच्या, आणि चांगला लागणारा रेडिओ "अजून दोन दिवस लागतील" म्हणून ठेवूनही घेतला जायचा. मतं तर त्यांच्याकडे आधीपासून तयारच होती.

अमेरिकेत एका कंपनीने दुसरीवर खटला भरला, की तुमच्या पडद्यावरच्या खिडक्या आमच्या खिडक्यांसारख्या का दिसतात. लीलाधरभाऊंनी लिहिलं, 'आमच्या पाचव्या गल्लीत खिडकीवरून तीन पिढ्या कोर्टात गेल्या, अमेरिकेला हे आत्ता सुचलं. खटला कसा लांबवायचा, एवढं तरी त्यांनी आमच्याकडून शिकावं.' फ्लॉपीवरून प्रोग्रॅम उतरवून घेणं ही चोरी, असा वाद पेटला तेव्हा त्यांनी लिहिलं, 'सावद्याचा शेतकरी आपल्या केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पिल काढून व्याह्याला देतो. व्याही ते लावतो, त्याची पिलं फैजपुराला जातात. कुणी पोलिसात गेल्याचं ऐकलंय का?' एका कॉलेजात कॉम्प्युटर आला आणि त्याच्या खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला, त्यावर तर सलग दोन रविवार लेख. 'पोरांच्या वर्गात पंखा नाही, या जावयाला मात्र गार हवेची खोली. चपलाचोर आता मारुतीच्या देवळाबाहेर दिसत नाहीत, त्यांनी धंदा कॉलेजात हलवला आहे.'

लोक वाचायचे का? वाचत असतील. पण लिहिणाऱ्याला ते कळायचं कसं? पेपर जळगावात छापायचा, धुळ्यात त्याचे थोडेच अंक यायचे. गल्लीत कुणी भेटलं तर म्हणायचं, "भाऊ, तुमचं आलं होतं." आलं होतं म्हणजे काय? पाऊससुद्धा येतो. वाचताना कुणाच्या ओठाचा कोपरा हलला का, हे या माणसाला हवं होतं. घरी वाचून दाखवावं, तर सुनंदाबाई नीट ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "मंग?"

लेख पाठवायचा कसा, हाही घोळच होता. आधी ते लखोटा एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. एकदा तो लखोटा भुसावळला उतरला, आठ दिवस तिथे राहिला आणि न उघडता धुळ्याला परत आला. तेव्हापासून गुरुवारी सकाळी एक्सचेंजच्या ऑपरेटरकडे ट्रंककॉल नोंदवायचा, दुपारी लागला की दुकानातून लेख वाचून दाखवायचा आणि जळगावला पुरवणी बघणाऱ्या रतिलालने तो लिहून घ्यायचा, असं ठरलं. रतिलाल मोठा सज्जन. पण लिहून घेणारा माणूस हसत नसतो. त्याचं लक्ष अक्षराकडे. "हं... हं... पुढे," एवढंच त्याच्याकडून यायचं. दर तीन मिनिटांनी ऑपरेटरबाई मध्ये यायच्या. "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" वाढवा, म्हणायचं आणि पुढचा परिच्छेद घ्यायचा.

एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात बातमी आली की शुक्रवारी तेरा तारखेला जगातल्या कॉम्प्युटरांना रोग होणार, त्यांची आठवण पुसली जाणार. मोठमोठ्या शहरांत धावपळ. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी लीलाधरभाऊ फोनवर वाचत होते, 'धुळेकरांनी घाबरू नये. शुक्रवारी आमच्याकडे दिवसभर वीज नसते. रोग येईल, बटण दाबेल, वाट बघेल आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जाईल.' रतिलालला लिहायला वेळ मिळावा म्हणून ते इथे थांबले. आणि तारेवर कुणीतरी हसलं.

रतिलाल नव्हता. बाईचं हसू होतं, दाबता दाबता निसटलेलं. लगेच तोंडावर हात दाबल्यासारखं बंद झालं. लीलाधरभाऊंना वाटलं, दुसऱ्या कुणाची लाइन घुसली. पण थोड्या वेळाने ऑपरेटरबाई म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" आणि त्या 'का'मध्ये हसू अजून शिल्लक होतं.

झालं. तिथून पुढे लीलाधरभाऊ रतिलालसाठी लिहीनासे झाले, पेपरसाठीही लिहीनासे झाले. लिहिताना ते मनात मोजायचे, इथे थांबायचं, इथे ती हसेल. गुरुवारी बरोबर तिथे थांबायचे आणि बरोबर तिथे ती हसायची. काही वेळा नुसता श्वास यायचा, काही वेळा खोकल्यात लपवलेलं हसू. पुढे पुढे बाई 'वाढवू का' विचारीनात, आपणहून वाढवू लागल्या. बाईंचं नाव काय, त्या धुळ्याच्या टोकाला बसतात की जळगावच्या, काही माहीत नव्हतं. विचारायची सोय नव्हती आणि विचारलं असतं तर हसणं कबूल करावं लागलं असतं. मनात पाप नव्हतं हो. पन्नाशीच्या माणसाला आठवड्यातून एकदा कुणीतरी ऐकत होतं, एवढंच. त्यासाठी दाढी केली तर काय बिघडलं?

आणि अशा माणसाने काय करावं? सांगतो.

धुळ्याला नवीन इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज येणार, घरबसल्या आकडे फिरवून थेट जळगाव लागणार, अशी बातमी आली. लीलाधरभाऊ जन्माचे यंत्राच्या बाजूचे. कर्मचाऱ्यांच्या संघटना म्हणत होत्या की यंत्र आलं की माणसं बसून राहतील. विरोधात पत्रकं निघाली. भाऊंच्या अंगात आलं. त्यांनी झक्कास लेख लिहिला आणि नेहमीसारखा गुरुवारी फोनवर वाचायला घेतला. आपण काय वाचतोय आणि कुणाच्या तारेवर, हे या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या मनात एकच, आज ती पोट धरून हसेल.

'ट्रंककॉल लावला की ऑपरेटरबाई म्हणतात, लाइन बिझी आहे,' भाऊ वाचत होते. 'लाइन बिझी नसते, बाई बिझी असतात. एका जळगावमागे त्यांचा अर्धा स्वेटर विणून होतो. नाशिक मागितलं तर दोन्ही बाह्या. आता यंत्र येतंय. या बायांना घरी बसून निवांत स्वेटर विणू द्या.'

इथे ते थांबले.

"हं," रतिलाल म्हणाला. "पुढे."

भाऊ आणखी थांबले. तारेवर नुसती खरखर होती. मग आवाज आला, कोरडा, "तीन मिनिटं झाली," आणि लाइन तुटली. लेखाचा शेवट राहिला होता. दुसऱ्यांदा लावला तेव्हा पुरुष ऑपरेटर होता.

भाऊंना तेव्हा कळलं. फोन ठेवल्यावर त्यांनी स्वेटरच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. रतिलालला सांगून ते वाक्य काढता आलं असतं. पण काढून काय उपयोग होता? जिने ऐकायला नको होतं तिनेच ते आधी ऐकलं होतं. पुढचे दोन गुरुवारही दुसराच आवाज आला आणि तिसऱ्या गुरुवारी एसटीडी सुरू झालं.

आकडे फिरवले की पाव मिनिटात जळगाव. स्वच्छ, शेजारच्या खोलीत बसल्यासारखं. मध्ये कुणी येत नाही, तीन मिनिटं झाली म्हणत नाही. भाऊंनी मागितलं होतं ते सगळं मिळालं. ते वाचायचे, ठरलेल्या जागी थांबायचे, रतिलाल म्हणायचा, "हं, पुढे." महिनाभराने रतिलालनेच विचारलं, "भाऊ, बरं नाही का? लेख आटलाय तुमचा." सुनंदाबाई गुरुवारी आरशाकडे बघायच्या, नवऱ्याच्या वाढलेल्या दाढीकडे बघायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. त्या न विचारण्याचाच भाऊंना जास्त त्रास होई.

शेवटी त्यांनी एक उद्योग केला. तिसाव्या वर्षापासून लोकांच्या तारा जोडणाऱ्या माणसाने स्वतःच्या फोनची तार स्वतःच्या हाताने सैल केली आणि तो तक्रार द्यायला म्हणून एक्सचेंजमध्ये गेला. ती धुळ्याला बसत असेल तर तिचा पत्ता लागेल, निदान माफी तरी मागता येईल, एवढीच आशा. मनातून मात्र त्यांना ते हसू पुन्हा एकदा ऐकायचं होतं, हे मी सांगायला नको.

दारात पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. आत नवीन यंत्र, गार हवा. दोन रविवार या चपलांवर लोकांना हसवणारे लीलाधर बोरसे खाली वाकले आणि मुकाट्याने चपला काढल्या. तक्रारीच्या टेबलाशी सात-आठ माणसं होती. भाऊंची पाळी आली. टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "नंबर सांगा."

दोनच शब्द. पण आवाज तोच होता. पंचेचाळिशीच्या बाई, जाड चष्मा, समोर रजिस्टर. भाऊंनी नंबर सांगितला आणि त्यांचा आवाज ऐकून बाईंचं पेन थांबलं.

"पाचवी गल्ली," बाई म्हणाल्या. "गुरुवार."

"हो."

"काय तक्रार आहे?"

"खरखर आहे," भाऊ म्हणाले. मग राहवेना. "बाई, माझं चुकलं. तो स्वेटरचा लेख..."

"मला विणता येत नाही," बाई म्हणाल्या. रागाने नाही, नुसती नोंद करावी तसं. "कधीच येत नव्हतं. आणि तुम्ही लिहिलं ते बाकी खरंच होतं. लाइन आता लवकर लागते, लोक खूश आहेत. पण तुम्ही दुसऱ्या कुणाच्या ड्युटीला वाचायचं होतं ते."

मागच्या टेबलावरून कुणी हाक मारली, "प्रमिलाबाई, रजिस्टर द्या इकडे." म्हणजे नाव प्रमिलाबाई. एवढ्या दिवसांनी नाव कळलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

"मी अजून लिहितो," भाऊ म्हणाले. "दर रविवारी येतं. तुम्ही पेपर बघत जा. पहिल्यासारखं लिहायचा प्रयत्न करतोय."

प्रमिलाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला.

"घेतला होता विकत. दोन रविवार घेतला," त्या म्हणाल्या. "वाचला. चांगलं लिहिता. पण तुम्ही थांबायचात ना, तिथे पेपर थांबत नाही."

भाऊंचा हात खिशाकडे गेला. त्यांच्या खिशात येत्या गुरुवारचा लेख होता, मुद्दाम आणलेला. तो बाहेर काढावा, इथेच उभ्या उभ्या दोन ओळी वाचाव्यात, असं त्यांच्या मनात आलंही. पण मागचा माणूस म्हणाला, "भाऊ, आवरा की," आणि प्रमिलाबाईंनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'खरखर'. त्या म्हणाल्या, "माणूस पाठवते. उद्या येईल. पुढचे कोण?"

माणूस दुसऱ्या दिवशी आला, सैल तार बघून हसला आणि निघून गेला.

गुरुवारी भाऊंनी जेवण झाल्यावर दाढी केली. सुनंदाबाईंनी दारातून पाहिलं आणि तांब्यात गरम पाणी आणून ठेवलं. मग भाऊ दुकानात गेले, आकडे फिरवले, पाव मिनिटात रतिलाल आला. भाऊ वाचू लागले. अमेरिकेतला खिडक्यांचा खटला अजून चालूच होता, गल्लीतलाही. लेख बऱ्याच दिवसांनी जमला होता. ती जागा आली आणि ते थांबले.

तारेवर खरखर नव्हती, श्वास नव्हता, काही नव्हतं.

"हॅलो?" रतिलाल म्हणाला. "भाऊ, लाइन कट झाली का?"

"नाही," लीलाधरभाऊ म्हणाले. "लाइन चालू आहे. थोडं थांब."