पायाशी बसण्यावरून

चर्चमधून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांची टाच चिघळली होती आणि ते कुणाला तिला हात लावू देत नव्हते. साखरेचं दुखणं जुनं. तळपायांची जाणीव गेलेली, त्यामुळे बुटातला खिळा टोचल्याचं त्यांना मोजा लाल झाल्यावर कळलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जखम रोज धुवा, रोज नीट बघा, हयगय केलीत तर पाय कापावा लागेल, असं तोंडावर सांगितलं.

धुणारं माणूस एकच, सून. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ पाण्यावर. ती स्वतः बुटांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या पायात बूट चढवायचे, पुढे जागा उरली का ते अंगठ्याने दाबून बघायचं, आणि पाचवा जोडही नापसंत झाला तरी चेहरा हसरा ठेवायचा. पहिल्या संध्याकाळी ती घरी आली, तसराळ्यात कोमट पाणी घेतलं, सासऱ्यांच्या खुर्चीपुढे गुडघे टेकले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. जखम अगदी टाचेखाली होती. खाली बसल्याशिवाय दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाय आखडून घेतला. गुडघे टेकायचे ते देवापुढे, माणसापुढे नाही, म्हणाले. तिला वाटलं, म्हातारपणाची लहर आहे, उतरेल. पण उतरेना. तिने पाय तिपाईवर ठेवून पाहिला, आरसा धरून पाहिला. पलंगावर आडवं करावं तर त्यांना दम लागायचा. ते रात्रीही खुर्चीतच झोपत. शेवटी फडकं ओलं करून ते स्वतःच अंदाजाने टाच पुसू लागले. हट्टाला पेटलेल्या माणसापुढे कुणाचं काय चालणार?

आठवडा होत आला, खोलीत वास येऊ लागला, तेव्हा तिने चर्चच्या नव्या पाळकांना बोलावून आणलं. शास्त्र शास्त्रालाच ऐकेल, असा तिचा भाबडा हिशोब. नव्या पाळकांनी सुरुवात चांगली केली. बायकोच्या कबरेसाठी जागा मागताना अब्राहाम त्या देशाच्या लोकांना लवून नमला. याकोब तर भावापुढे सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. शास्त्रात त्याला कुणी मूर्तिपूजा म्हटलेलं नाही. वाकणं वेगळं, सेवा वेगळी, देवाचं भय वेगळं. आणि सून करते ती सेवा.

म्हातारा ऐकून घेत होता. मग त्याने शास्त्रातला रोमी शताधिपती कर्नेल्य काढला. तो प्रेषित पेत्राच्या पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवलंच ना, मीही माणूसच आहे म्हणून? योहानाला तर देवदूतानेसुद्धा पाया पडू दिलं नाही. अब्राहामाला जागा हवी होती आणि याकोबाला भावाच्या रागापासून जीव वाचवायचा होता. माझ्यापुढे वाकून हिला काय मिळवायचंय? नवे पाळक चहा पिऊन गेले. वाद सासऱ्यांनी जिंकला होता. पाय मात्र हातचा चालला होता.

दार लावून ती परत आली तेव्हा तिचा धीर सुटला होता. तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती रागावली.

"बाबा, पाय जाईल तुमचा. मग मी काय सांगू ह्यांना?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. म्हणाले, "पहिल्या दिवशी तू खाली बसलीस ना, तेव्हा मला बरं वाटलं."

"वाटणारच. कोमट पाणी होतं."

"पाण्याचं नाही गं. कुणीतरी माझ्यापुढे वाकलंय, याचं." त्यांचा आवाज खाली गेला. "मी उपासनेला चर्चमध्ये आलो की लोक उठून उभे राहायचे. मला वाटायचं, देवासाठी उठतात. काम सोडल्यावर कुणी उठेना, तेव्हा कळलं मी काय खात होतो इतकी वर्षं. आणि तू बसलीस, तर तीच चव परत तोंडात आली. ती नको मला. त्यापेक्षा पाय गेलेला बरा."

जन्मभर ज्याला लोक भ्याले, तो माणूस स्वतःलाच भिऊन बसला होता, आणि तिला त्याची अतोनात माया आली. पण मायेने बोललं तर म्हातारा आणखी बिथरेल, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने जे खरं होतं तेच सांगितलं.

"बाबा, राग मानू नका. खाली बसल्यावर मला तुम्ही दिसतच नाही. जखम दिसते."

त्यांचा चेहरा आधी पडला. मोठा घाव होता तो. इतक्या वर्षांच्या पाळकाला असं कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, डोळे भरून आले, आणि त्यांनी हळूच पाय पुढे केला.

ती खाली बसली. पट्टी सोडली. कडा काळी पडली होती. उद्या सकाळी दुकानातून सुट्टी घेऊन डॉक्टरांकडे जायचं, तिने तिथेच ठरवलं. पाय राहील की नाही, देव जाणे.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"नीट दिसत नाही. तुमचीच सावली पडतेय." तिने बॅटरी त्यांच्या हातात दिली.

उजेड टाचेखाली न्यायचा तर खुर्चीतून पार वाकावं लागत होतं. ते वाकले. कण्हले, पण वाकले; त्यांचं डोकं तिच्या डोक्याला टेकलं.

"जरा डावीकडे धरा," ती म्हणाली.

त्यांनी डावीकडे धरली.