अळणी सूप आणि खेळातलं मीठ

मी मीठ बोलतंय. जिभेवर विरघळणारं नव्हे, कॉम्प्युटरवरच्या एका खेळातलं. या खेळात चित्रं नाहीत, नुसती वाक्यं. "तुम्ही स्वयंपाकघरात आहात. चुलीवर सूप आहे. फळीवर मिठाची बरणी आहे." झाला माझा जन्म! खेळणाऱ्यानं 'बरणी उचल', 'दार उघड' असे हुकूम टाइप करायचे आणि खेळानं उत्तर द्यायचं.

मला लिहिलं एका मुलीनं. तिचे बाबा हृदयाच्या दुखण्यानं घरात अडकलेले, त्यांचं मन रमावं म्हणून. आधी तिनं खेळ ऑफिसातल्या मैत्रिणींना दिला. काय म्हणावं त्या बायांना! दिसेल ते उचलायचं आणि पिशवीत कोंबायचं. दोरी, कंदील, मेलेला उंदीर आणि त्यात मी. 'मीठ राक्षसाला मार.' 'मीठ दाराला लाव.' 'मीठ पेटव.' पेटव? मला? एकीनं सूपमध्ये टाकलं असेल तर शपथ! खजिना मिळाल्यावर वर सल्ला, "त्या मिठाचा काही उपयोग नाही, काढून टाक." मुलगीही म्हणाली, "काढते."

ते राहून गेलं आणि बाबा खेळायला बसले. डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं होतं, तर यांनी जेवणच सोडलं होतं. दोन घास खाल्ले की ताट बाजूला. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. मुलगी अगदी रडकुंडीला आली होती.

बाबांचा पहिलाच हुकूम, 'मीठ खा.' खेळ म्हणाला, "खारट लागतं." गडी खूश! पुन्हा 'मीठ खा.' पुन्हा तेच. अहो, मूठ भरभरून खायला मी काय शेंगदाणे आहे?

"बाबा, पुढे जा की! तळघरात खजिना आहे."

"असू दे गं. आधी जेवतो." त्यांनी टाइप केलं, 'सूपमध्ये मीठ टाक.'

खेळ म्हणाला, "असं करता येत नाही."

"इथंही पथ्य?" बाबांनी कीबोर्ड ढकलला आणि शेजारचा खऱ्या सूपचा वाडगाही.

माझा असा संताप झाला! बाई गं, मला राक्षसावर फेकता येतं आणि सूपमध्ये टाकता येत नाही? मैत्रिणींनी जे जे टाइप केलं त्याची उत्तरं तू लिहीत बसलीस, आणि एवढी साधी गोष्ट विसरलीस?

मुलीनं कपाळावर हात मारून घेतला. "थांबा बाबा, उठू नका." तिनं तिथंच बसून उत्तर बदललं.

बाबांनी पुन्हा मला सूपमध्ये टाकलं. मग लिहिलं, 'चाख.'

"वा! मीठ अगदी बेताचं पडलंय."

बाबा त्या ओळीकडे बघत राहिले. मग त्यांनी वाडगा जवळ ओढला आणि अळणी सूपचा एक चमचा तोंडात घातला. पुन्हा 'चाख', पुन्हा एक चमचा. मुलगी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

आता रोज जेवणाच्या वेळी माझी बरणी उघडते. खजिना तसाच पडलाय, राक्षस वाट बघून कंटाळलाय. बाबा स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकायला तयार नाहीत. बाकीच्यांना हात जोडून सांगणं आहे, मला पेटवू नका, एकदा तरी सूपमध्ये टाकून बघा.

आज तर कमालच झाली. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि हाक मारली, "अगं, आज मीठ जरा जास्तच पडलंय हं!"

जास्त? ती एकच ओळ, रोजचीच! चांगलं खडसावणार होतं मी त्यांना. पण वाडगा चाटूनपुसून रिकामा होता, म्हणून गप्प बसलं.