दोनशे चौदा नावं

मंगळवार पेठेतल्या एका दूध संघाचा कॉम्प्युटर संयोगिता पाच वर्षं सांभाळत होती. त्यात सभासदांच्या नावांचं टेबल, म्हणजे तक्ता, वेगळं, रोजच्या दुधाचं वेगळं. पूर्वी सभासदाचं नाव काढलं तरी त्याच्या दुधाच्या नोंदी बेवारस मागं राहायच्या. म्हणून तिनं दोन्ही टेबलं फॉरेन कीनं बांधली. दुधाची एक जरी नोंद असली, तरी त्या सभासदाचं नाव निघत नसे. वर तिनं एक ट्रिगरही लावला होता. नाव निघालंच, तर त्याची प्रत आपोआप तिसऱ्या टेबलात जाऊन बसायची. ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

निवडणुकीची मतदार यादी छापायला जायच्या आदल्या दुपारी संचालक विजयसिंह दोन माणसं घेऊन कचेरीत शिरला. आत ती आणि म्हातारे सचिव आण्णा, दोघंच. त्यानं कडी लावली आणि राधानगरीकडच्या दोनशे चौदा सभासदांची यादी तिच्यापुढं टाकली. सगळे त्याच्या विरोधातले. आत्ताच्या आत्ता काढ म्हणाला.

तिनं पहिलं नाव काढायला घेतलं. पडद्यावर नकार आला. दुधाच्या नोंदी आहेत, निघत नाही, असं तिनं सांगितलं. विजयसिंहानं नुसती मान हलवली. एकानं आण्णांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर दाबून धरला, दुसऱ्यानं लोखंडी नळी हाणली. मनगट मोडल्याचा आवाज तिनं ऐकला.

कीचं बंधन कॉम्प्युटरला एका ओळीची आज्ञा देऊन सोडता येत होतं. तरी तिनं पुन्हा तेच नाव काढायला घेतलं. पुन्हा नकार. दुसरा फटका कोपरावर बसला. तिसऱ्या नकाराला आण्णा खाली कोसळले. पडल्यावरही त्यांच्या पोटात लाथा बसत होत्या. तोंडातून रक्त आलं.

विजयसिंह तिच्या कानाशी वाकला.

"आता डोक्यात बसंल."

तिनं बंधन सोडलं. दोनशे चौदा नावं क्षणात गेली.

ती माणसं निघून गेल्यावर आण्णांना दवाखान्यात पोचवून ती पोलिसांत गेली, फिर्याद दिली, आणि संध्याकाळी तिसऱ्या टेबलातून सगळी नावं परत बसवली. यादी पूर्ण छापली गेली. चौथ्या दिवशी विजयसिंहाला अटक झाली.

आण्णांच्या हातात सळ्या घातल्या होत्या. हात पुन्हा सरळ होणार नव्हता. तिनं त्यांना सगळं सांगितलं, ट्रिगरचंही.

आण्णांनी विचारलं, "म्हंजे पयल्या फटक्यालाच काढली असतीस, तरी नावं ऱ्हायली असती?"

"व्हय."

"मग का न्हाई काढलीस?"

आपण बांधलेलं त्या माणसापुढं आपल्या हातानं सोडवेना, एवढंच तिला सांगता आलं.

आण्णांनी तोंड भिंतीकडं केलं. भेटीची वेळ संपली म्हणून नर्स तिला उठवायला येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.