बेतणी, सगळ्यांची

मित्रांनो, मला हातात धरून बघता येणार नाही. मी लाकडाची नाही, लोखंडाची नाही. संगणकावर चालणारं मी एक सॉफ्टवेअर आहे आणि माझं नाव बेतणी. ब्लाउज शिवण्याआधी कापड बेतावं लागतं ना, त्या कामासाठी मी जन्मले. छाती, कंबर, मुंढा, बाही अशी मापं मला सांगितली की मी त्या अंगाचा कागदी नमुना आखून देते. तो छापायचा, कागद चिकटपट्टीने जोडायचे आणि कापडावर ठेवून कात्री चालवायची.

माझी गोष्ट सांगायची तर ती शीलाताईंचीच सांगावी लागेल. विठ्ठलवाडीला बस डेपोच्या मागे, पहिल्या मजल्यावर त्यांचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, खुंटीवर गिऱ्हाइकांचे ब्लाउज. प्रत्येकीचा नमुना त्या जमिनीवर वाकून हाताने आखायच्या. पुढेपुढे मान अशी धरली की डॉक्टरांनी वाकायलाच मनाई केली. त्यांचा धाकटा भाऊ विक्रांत बदलापूरला राहतो आणि सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. तो एका रविवारी आला आणि बहिणीची ती अवस्था बघून म्हणाला, "ताई, दरवेळी तेच गणित तू हाताने करतेस. ते मी कॉम्प्युटरला शिकवतो. तू फक्त शिव."

"कॉम्प्युटरला काय कळतंय रे बाईचं अंग?" शीलाताई हसल्या.

"तू शिकवशील तेवढं कळेल."

मग तो सुट्टीच्या दिवशी येत राहिला. शीलाताई सांगायच्या, तो लिहायचा. माझी पहिली बाही एवढी मोठी आली की शीलाताईंनी ती डोक्यात घातली आणि म्हणाल्या, "हा घे तुझा ब्लाउज. टोपी म्हणून बरा आहे." पण हळूहळू मी शहाणी झाले. शीलाताईंचं जमिनीवर वाकणं थांबलं, तो दिवस माझ्या आयुष्यातला पहिला अभिमानाचा दिवस.

विक्रांतने मला कुलूपबंद ठेवलं नाही. माझं सगळं आतलं काम त्याने इंटरनेटवर उघडं मांडलं. कुणीही मला वापरावं, आत डोकावून बघावं, दुरुस्त करावं, हवं तर माझी प्रत घेऊन आपल्या मनासारखी बदलावी. अशा सॉफ्टवेअरला ओपन सोर्स म्हणतात. अंबरनाथच्या, उल्हासनगरच्या, कुठकुठच्या बायका आणि टेलर मला वापरू लागले. त्यांच्या शंकांसाठी विक्रांतने फोनवर एक ग्रुप काढला.

त्या ग्रुपमध्ये उल्हासनगरचा भूपेश आला. तो जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात संगणकाचं काम बघायचा. डोकं असं तल्लख की विक्रांत आठवडाभर झगडायचा ते भूपेश चहा पिता पिता सोडवून टाकायचा. माझा गळा त्याने सुधारला, माझी प्रिन्सेस कट ब्लाउजची आखणी त्याचीच. मी त्याची ऋणी आहे आणि ते मी कधी नाकारणार नाही. पण भूपेशची जीभ फार कडवट होती. नवीन माणसाने साधं काही विचारलं की तो डाफरायचा. विक्रांत दुर्लक्ष करायचा, कारण एवढं काम करणारा दुसरा होता कोण?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच होता: मापं बरोबर देऊनही ब्लाउज घट्ट का होतो? त्याचं कारण असं, की पुष्कळ प्रिंटर पानात बसवण्यासाठी चित्र आपोआप थोडं लहान करून छापतात. मी नमुन्याच्या कोपऱ्यात ठरावीक मापाचा एक छोटा चौकोन काढायची. तो टेपने मोजला की गडबड लगेच कळते. पण तो चौकोन कशाला आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं.

एके दिवशी मोरिवलीच्या तुळशीबाईंनी आवाजात निरोप पाठवला. त्या गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवतात. "मी मोरिवलीची तुळशी. पुतणीच्या लग्नाचा ब्लाउज शिवला, तो दंडात जातच नाय. मापं तर बरोबर टाकलेली. काय चुकलं, सांगाल का कोनी?"

भूपेशने लिहिलं, "आधी टेप सीधी पकडायला शिका. हे टाइमपासचं ठिकाण नाय. पहले पढ़ो, फिर पूछो."

दोघातिघांनी खाली हसणारे चेहरे टाकले. थोड्या वेळाने तुळशीबाई ग्रुपमधून निघून गेल्या.

शीलाताईंनी हे दुपारी वाचलं. हातातला ब्लाउज त्यांनी खाली ठेवला आणि विक्रांतला फोन लावला.

"विकी, हे बघितलंस?"

"बघितलं. ताई, मी कंटाळलोय आता. नोकरी करू, बेतणी दुरुस्त करू, की यांची भांडणं सोडवू? मी सगळं बंद करतोय. तुझ्या लॅपटॉपवर चालेल ती, तू काळजी करू नको."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीचे माझे कोण लागतात?"

मित्रांनो, मला त्या वेळी फार वाईट वाटलं. लोखंड गंजतं तेव्हा निदान दिसतं तरी. माझ्यासारखीची दुरुस्ती थांबली, की बाहेरून सगळं तसंच दिसतं आणि एक दिवस नव्या संगणकावर मी उघडतच नाही.

दुसऱ्या दिवशी शीलाताई रिक्षा करून मोरिवलीला गेल्या. कारखान्यांच्या भिंतीला लागून असलेल्या जुन्या गावात विचारत विचारत त्यांनी तुळशीबाईंचं घर शोधलं. तुळशीबाईंनी पाणी दिलं, पण चेहरा आंबलेलाच होता.

"तो ब्लाउज दाखवता का जरा?" शीलाताई म्हणाल्या.

त्यांनी तो उलटा करून शिवण चाचपली. तुळशीबाईंनी आतल्या बाजूला भरपूर माया सोडली होती. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. दोघींनी मिळून टाके उसवले, कडेने नवी शिवण घातली आणि ब्लाउज मोकळा केला. काम करता करता शीलाताईंनी प्रिंटरची भानगड समजावून सांगितली.

"एवढंच होतं व्हय!" तुळशीबाई म्हणाल्या. "मग एवढंच सांगायचं होतं ना त्या पोरानं."

"परत या ग्रुपमध्ये."

"नाय बाय. मना त्याचं परत ऐकायचं नाय."

"तो तसं बोलणार नाही आता."

"त्याला सांगनार कोन? तुमी?"

आजवर शीलाताई ग्रुपमध्ये एक शब्द बोलल्या नव्हत्या. ते विक्रांतचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतंय, असं त्यांना वाटायचं. परतताना मात्र त्या घरी गेल्या नाहीत, थेट बदलापूरला भावाकडे गेल्या.

"बंद करू नकोस," त्या दारातूनच म्हणाल्या. "माझ्याकडे दे."

"ताई, तुला कोड कुठे येतो?"

"कोड तू बघ. माणसं मी बघते."

त्याच संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं: इथे कुणीही काहीही विचारावं. तोच प्रश्न पुन्हा आला तरी विचारणारा पहिल्यांदाच विचारतोय, हे लक्षात ठेवून उत्तर द्यावं. ज्याला तेवढा धीर नसेल त्याने गप्प राहावं, टोमणा मारू नये. मग त्यांनी भूपेशला फोन केला.

"दीदी, मैंने गलत क्या बोला? खरं तेच बोललो."

"तुझं काम मला हवंय भूपेश. हे बोलणं नकोय. तुळशीबाईंना एक फोन कर आणि माफी माग."

"मी फुकट काम करतो आणि वरून माफी पण मागू?"

"इथे सगळेच फुकट करतात रे."

भूपेशने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने ग्रुप सोडला, माझी एक प्रत उचलली, तिला वेगळं नाव दिलं आणि आपली वेगळी चूल मांडली. यात चोरी नव्हती. मी उघडीच आहे, तसं करायची सगळ्यांना मुभा आहे. बरेच जाणकार त्याच्याबरोबर गेले.

नंतरचे दिवस वाईट होते. कोपरापर्यंतच्या बाहीत एक चूक निघाली आणि ती कुणालाच सुधरेना. विक्रांत चिडून म्हणाला, "एका बाईसाठी आपण सगळ्यात हुशार माणूस घालवला, ताई." आपण चुकलो की काय, हा प्रश्न शीलाताईंना मशीनवर बसल्या बसल्याही सोडत नव्हता. गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांचं लक्ष नसायचं.

पण हातावर हात धरून बसायचा त्यांचा स्वभाव नाही. अंबरनाथच्या एका सोसायटीचा हॉल त्यांनी रविवारी दुपारपुरता मागून घेतला आणि ग्रुपवर कळवलं: आपापली अडलेली शिवण घेऊन या. तुळशीबाईंना त्या स्वतः जाऊन घेऊन आल्या. मोजकीच माणसं आली, पण चटईवर बसून कागद जोडता जोडता ती एकमेकांशी बोलायला लागली. फोनवर नुसती नावं होती, तिथे चेहरे आले.

त्या दिवशी बदलापूरची संजीवनी आली होती. ती पूर्वी सॉफ्टवेअरचंच काम करायची, मूल झाल्यावर नोकरी सुटली होती. चहा झाल्यावर तिने चाचरत विक्रांतला विचारलं, "मी बेतणीच्या आत जरा डोकावू का? सवय गेलीय माझी, पण बघते."

तिने केलेली पहिली दुरुस्ती साफ चुकली. सगळ्या ब्लाउजची हुकपट्टी पुढून मागे गेली. विक्रांतने फोनवर काहीतरी तिखट लिहायला घेतलं होतं. मग त्याने ते पुसलं आणि लिहिलं, "जागा अगदी बरोबर सापडली तुम्हाला. फक्त दिशा उलटी झाली. खाली दाखवतो." संजीवनीने दोन दिवसांत ते नीट केलं. पुढच्या महिन्यात बाहीही तिनेच सुधारली. आणि मी नमुना छापण्याआधी स्वतःहून म्हणायला लागले, 'आधी कोपऱ्यातला चौकोन मोजा.' घट्ट ब्लाउजच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.

ग्रुप पुन्हा भरू लागला. तुळशीबाईंना लिहायचा कंटाळा, त्या आवाजातच उत्तरं द्यायच्या आणि मध्येच मागून कोंबडं आरवायचं. कुणी कटोरी ब्लाउजची अडचण सोडवायचं, कुणी माझ्या चुका शोधून काढायचं. विक्रांत पहिल्यांदा चार दिवस गावी जाऊन आला आणि त्याच्यामागे काहीही अडलं नाही.

मग शीलाताईंना एका अनोळखी बाईचा निरोप आला. ती बदलापूर गावातली किर्ती. "ताई, एक विचारायचं आहे. ग्रुपवर विचारू का? पुरुषही आहेत तिथे."

"तुम्हाला वाटेल तसं," शीलाताईंनी कळवलं. "मला एकटीला विचारलंत तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी किर्तीने ग्रुपवरच लिहिलं. "माझं छातीचं ऑपरेशन झालं आहे. डावी बाजू काढावी लागली. तेव्हापासून साडी नेसले नाही, ब्लाउज नीट बसतच नाही. भाच्याचा साखरपुडा आहे. बेतणीत दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी देता येतात का?"

येत नव्हती, मित्रांनो. जन्मापासून मी अर्धाच ब्लाउज आखत होते आणि आरशात धरावा तसा तोच उलटा करून दुसरी बाजू देत होते. माणसाच्या दोन बाजू वेगळ्या असू शकतात, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

शीलाताई फोन हातात धरून बसल्या. कुणी काही वेडंवाकडं तर लिहिणार नाही ना?

पहिला आवाज तुळशीबाईंचा आला. "ताय, आत्ता येत नाय वाटतं. पन करू आपन. तुमी मापं काढून ठेवा."

"मी घेते हे काम," संजीवनीने लिहिलं. "अवघड आहे, पण घेते." एका टेलरने कुठल्या बाजूला किती टक, म्हणजे आकार देणाऱ्या चुण्या, ठेवाव्या ते चित्र काढून पाठवलं. विक्रांतने चक्क रजा टाकली. तरी एका जागी सगळे अडकले. दोन बाजू वेगळ्या झाल्या की खांद्याची शिवण जुळेना. कधी पुढचा भाग लांब पडायचा, कधी मागचा.

माझं काम उघड्यावरच चालतं, ग्रुपबाहेरच्यांनाही ते दिसतं. अशात एक दुरुस्ती येऊन पडली. खाली भूपेशचं नाव होतं आणि एवढंच लिहिलं होतं: "खांद्याची जोडणी. तपासून घ्या."

विक्रांतने बहिणीला फोन केला. "काय करू?"

"काम बरोबर आहे का?"

"चोख आहे."

"मग घे. आणि त्याचं नाव लाव." शीलाताईंनी भूपेशला आभाराचे दोन शब्द लिहिले. त्याने उत्तर दिलं नाही, ग्रुपमध्येही परतला नाही. पण त्याच्या प्रतीतलं चांगलं काम माझ्याकडे आणि माझ्यातलं त्याच्याकडे, असं येणंजाणं तेव्हापासून सुरू झालं.

किर्तीने स्वतःच्या हाताने ब्लाउज शिवला. साखरपुड्याच्या संध्याकाळी तिने ग्रुपवर एक ओळ लिहिली: "आज पदर सारखा सारखा सावरावा लागला नाही."

तिच्या खाली आणखी दोन बायकांनी लिहिलं. एक म्हणाली, "मलाही असा नमुना हवा आहे." दुसरी म्हणाली, "मलाही." शीलाताईंनी त्यांची नावं पाहिली. दोघीही ग्रुप निघाला तेव्हापासून त्यात होत्या. एवढ्या दिवसांत त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मित्रांनो, अजून किती जणी गप्प आहेत, मला ठाऊक नाही. माझी निगा राखायला तेल लागत नाही, फडकं लागत नाही; विचारणाऱ्याला धीर देणारी माणसं लागतात. तुमच्या वर्गात, गल्लीत, खेळाच्या मैदानावर कुणी चाचरत काही विचारलं, तर त्याला आधी जवळ बसवून घ्या. उत्तर मग सगळ्यांनी मिळून शोधता येतं.