टबाच्या बदल्यात गेलेला मोबाईल

मित्रांनो, शिवणाच्या डब्यात धूळ खात पडलेला जुना मोबाईल म्हणजे मी. बदलापूरच्या शिरगावात एका चाळीत माझे घर. माझी मालकीण अस्मिता अंबरनाथच्या कारखान्यात कामाला जाते. घरी आली की ती शेजारणींचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. त्यांच्या आधारकार्डांचे, पासबुकांचे फोटो ती माझ्यातच काढायची. अख्खी चाळ माझ्या पोटात होती म्हणा ना! आजीलाही मला वापरता यावे, म्हणून अस्मिताने मला कुलूप घातले नव्हते. काय थाट होता तेव्हा माझा!

पुढे माझी बॅटरी गेली. चार्जर लावला तरच मी जागा व्हायचो. नवा फोन आला आणि माझी रवानगी डब्यात झाली. फार वाईट वाटले.

एका रविवारी गल्लीत स्कूटरवरचा भोंगा ओरडला, "पुराना मोबाईल, बंद मोबाईल!" अस्मिताची आजी गयाबाई मला मेलेलाच समजत होती. तिने मला देऊन निळा टब घेतला.

"उल्हासनगर में चालू हो जाएगा," टबवाला खुशीत पुटपुटला. पोत्यात माझा जीव घाबराघुबरा झाला. कोणीही मला उघडणार आणि सगळ्यांची माहिती चोरणार!

इकडे अस्मिताने टब पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आजी, अगं सगळ्यांचे आधार त्यात आहेत!"

गयाबाई टब उचलून अनवाणीच धावली आणि तिने शेजारणीला हाक मारली, "शीला, बाहेर ये! आपली कागदं चालली!" बायका भराभर बाहेर पडल्या आणि त्यांनी स्कूटर अडवली.

"मावशी, सौदा हो गया ना!"

"सौदा गेला खड्ड्यात! टब घे, फोन दे. माझी माणसं आहेत त्यात!"

टबवाल्याने मुकाट्याने पोते ओतले. मागचे झाकण पडू नये म्हणून मला केसांचा रबर लावलेला होता. गयाबाईने मला लगेच ओळखले.

मग ओट्यावर मला चार्जर लावला. "हा माझा, पुस!" शीलाताई म्हणाली. अस्मिता एकेक फोटो सगळ्यांसमोर पुसत गेली. शेवटी तिने मला पूर्ण कोरा केला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात इतका मान मला कधीच मिळाला नव्हता!

मित्रांनो, आम्ही जुने झालो तर खुशाल निरोप द्या, पण आधी तुमची माणसे आमच्यातून सुखरूप बाहेर काढा. आमच्या चाळीने हे पक्के केले आहे. आता भोंगा वाजला की गयाबाई ओट्यावर येऊन बसते. तिने "कोरा आहे" म्हटल्याशिवाय एकही फोन गल्लीबाहेर जात नाही.