हिराकसाची पावलं

नेव्हिल हर्स्टने स्वतःशी ठरवून टाकलं होतं, हिरवळ नीट झाली की मॉरीनबाईंना चहाला बोलवायचं. ठरवून दोन वर्षं झाली होती. इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या त्या गल्लीत दोघांची घरं शेजारी-शेजारी, मध्ये फक्त गुडघाभर कुंपण. मॉरीन पिकल्स यांचा नवरा जाऊन बराच काळ लोटला होता आणि नेव्हिल लग्नाच्या वाटेला कधी गेलाच नव्हता. शेजारणीला चहाला बोलावणं ही काय मोठी गोष्ट, असं कुणालाही वाटेल. नेव्हिलला वाटत नव्हतं.

पहिल्या वर्षी हिरवळ पिवळी पडली. दुसऱ्या वर्षी पावसाने तिचा चिखल झाला. दोन्ही वेळा त्याला मनातून जरा सुटल्यासारखंच वाटलं होतं.

यंदा मात्र मार्च सरता सरता त्याने कंबर कसली. कडा कापल्या, दाताळ्याने पालापाचोळा ओढला आणि शेवाळ मारायला हिराकसाची, म्हणजे लोखंडाच्या क्षाराची, पिशवी आणली. "शेवाळ मरतं आणि गवत गडद हिरवं होतं," असं दुकानातली मुलगी म्हणाली होती. शनिवारी दुपारी त्याने हिराकस पाण्यात कालवला आणि झारीने कोपरान् कोपरा भिजवला.

काम इतकं मनासारखं झालं की त्याला भलतंच बळ चढलं. हिरवळ व्हायची तेव्हा होईल, आमंत्रण आत्ताच देऊन टाकू! तसाच ओल्या बुटांनी कुंपण ओलांडून तो मॉरीनबाईंच्या दाराशी गेला. त्यांनीही वसंताची तयारी म्हणून पाण्याचा फवारा मारून दारापुढची फिकट दगडी वाट लख्ख केली होती.

आत रेडिओ चालू होता. ऐकत असतील, कशाला मध्येच तोंड घाला? तो परतला. थोड्या वेळाने रेडिओ थांबला, तेव्हा हिरवळ तुडवत पुन्हा गेला. आता आत अगदीच शांत. डोळा लागला असेल. पुन्हा परतला. पुढच्या खेपेला कांदा तळल्याचा वास आला, आणि जेवायच्या वेळी कुणाच्या दारात उभं राहणं त्याला शोभेना. मग अंधार पडला.

सकाळी पडदा सारला तर हिरवळ काळी ठिक्कर. नुसती इथे-तिथे नव्हे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मेलेलं शेवाळ काळं पडतं; म्हणजे इतकी वर्षं तो दर पंधरवड्याला गवत समजून शेवाळच कापत आला होता.

तो मोज्यांनिशीच पायरीवर आला, तेवढ्यात समोरच्या घरातला रॉनी बॅगशॉ चहाचा मग घेऊन रस्ता ओलांडून आला.

"नेव्हिल! अरे, खाण काढलीस की काय कोळशाची?"

"शेवाळ मेलंय."

"आणि गवत?"

नेव्हिलने नुसतीच मान हलवली.

"बरं, ते राहू दे. मॉरीनकडे काल चोर येऊन गेला, पाहिलंस?"

पलीकडच्या पांढुरक्या दगडांवर गंजाच्या रंगाची पावलं उमटली होती. केशरी, ठसठशीत.

"पण कसला रे हा चोर! दारापर्यंत येतो, पायपुसण्याशी घुटमळतो आणि परत फिरतो. पुन्हा येतो, पुन्हा परत. बिचाऱ्याला चोरीसुद्धा जमेना!" रॉनीची नजर पावलांमागून कुंपणाकडे आली, तिथून नेव्हिलच्या पायरीवरच्या केशरी बुटांकडे. "अरे राजा," तो हळूच म्हणाला आणि मग खो खो हसत सुटला.

त्या आवाजाने मॉरीनबाई बाहेर आल्या. त्यांनी दगडांवरची पावलं पाहिली, बूट पाहिले, नेव्हिलकडे पाहिलं.

"हे धुतलं की जातं का?"

"नाही. गंज आहे. दगडात मुरतो."

"म्हणजे आता जन्मभर मी हे बघायचं."

"मी सगळे दगड बदलून देतो!"

"ते कोण मागतंय? एवढ्या खेपा घातल्यात त्या कशासाठी, ते सांगा."

"हो, सांग की!" रॉनी म्हणाला.

"रॉनी, तुझा टोस्ट जळतोय," मॉरीनबाई म्हणाल्या.

"मी टोस्ट खात नाही."

"मग आजपासून खायला लाग."

रॉनी नाइलाजाने गेला. नेव्हिलने आपल्या काळ्या जमिनीकडे पाहिलं. आता तर हिरवळीच्या नावावर आणखी दोन वर्षं सहज ढकलता आली असती.

"हिरवळ नीट झाली की तुम्हाला चहाला बोलवीन म्हणत होतो," तो कसाबसा म्हणाला.

मॉरीनबाईंनी कुंपणावरून वाकून नीट बघितलं. "ही?"

"हो."

"नेव्हिल, मला एकाहत्तरावं लागलंय."

त्याने काळ्या हिरवळीवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"मी आत जाऊन दार लावते," त्या म्हणाल्या. "तुम्ही परत या आणि या खेपेला घंटी वाजवा. बूट घालू नका."

मोज्यांनिशी तो त्या गार दगडांवरून, आपल्याच पावलांच्या कडेकडेने चालत गेला. आत रेडिओ लागला, तोही मुद्दाम मोठ्याने. पायपुसण्याशी तो थांबला. पाय मागे वळू लागले होते, तेवढ्यात त्याने डोळे मिटून घंटी दाबली.

रेडिओ बंद झाला.

"कोण आहे?" जणू काही ठाऊकच नाही अशा आवाजात मॉरीनबाईंनी विचारलं.

"मी नेव्हिल. शेजारचा," तो म्हणाला. "चहाचं विचारायला आलोय."