जांभळ्या उजेडातलं लिंबू

जगातलं अर्धं दुःख चुकीच्या दिव्याखाली रंग पाहिल्यामुळे होतं आणि उरलेलं अर्धं तो रंग पास केल्यामुळे, असं शेडमास्तरांचं ठाम मत होतं. कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्यांची उभी हयात नमुन्याशी रंग जुळवण्यात गेली होती. कुणी दिव्याखाली तुकडा धरून "जुळला का हो?" असं विचारलं की मास्तर गरजत, "दारात न्या! उजेडात बघा!" त्यांच्या शब्दाशिवाय कापडाचं एक ठाणही फाटकाबाहेर पडत नसे. घरात मात्र पडदे, चादरी, भिंती आणि खुद्द मास्तरांचे सदरे यांचे रंग मास्तरीणबाई ठरवत. मास्तरांना एकदाच विचारण्यात आलं होतं, आणि तेही पडदे लावून झाल्यावर.

मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी निघताना बाईंनी दारात उभं राहून एकच सूचना दिली.

"लिंबाला जपा. बाकी काही मेलं तरी चालेल."

"मीसुद्धा?"

"तुम्हाला आपल्या हाताने पाणी पिता येतं."

लिंबाचं हे झाड स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडीत होतं. बाईंचा धाकटा भाऊ शेवटचा आला तेव्हा सरबत पिऊन पेल्याच्या तळाशी राहिलेली बी त्याने बोटाने रिकाम्या कुंडीत खुपसली आणि म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी याचं सरबत." पुढची वेळ आली नाही. झाड मात्र आलं. वर्षानुवर्षं त्याला पानं आणि काटे यांपलीकडे काही फुटलं नाही. "नुसतं जागा अडवून बसलंय," असं मास्तर एकदा बोलून गेले. "मग काय झालं? तुम्हालाही मी ठेवलंच आहे ना," असं उत्तर आलं, आणि तो विषय कायमचा मिटला.

बाई गेल्या आणि समोरची अर्धवट इमारत अंगात आल्यासारखी वाढू लागली. बघता बघता ती खिडकीतल्या उन्हावर येऊन बसली. लिंबाची पानं पिवळी पडली, गळू लागली. मास्तरांनी खिडकी पुसली, पडदा काढला, समोरच्या इमारतीकडे रागाने पाहिलं. ऊन काही परत आलं नाही. शेवटी ते दिव्यांच्या दुकानात गेले.

"झाडासाठी? दोन प्रकार आहेत," दुकानदार म्हणाला. "एक पांढरा, एक जांभळा. पांढऱ्यात सगळे रंग. जांभळ्यात फक्त लाल आणि निळा. झाडाला मुख्य भूक त्यांचीच. हिरवा बराचसा ते परत करतं."

"मला शिकवू नका," मास्तर म्हणाले आणि दोन्ही दिवे घेऊन आले.

रंगाच्या माणसाने खोक्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवायचा नसतो. मास्तरांनी कपाटातून मुलीच्या लग्नाची सीडी काढली आणि तिच्या चकचकीत पाठीवर एकेका दिव्याचं प्रतिबिंब पाहिलं. पांढऱ्याचा अख्खा पट्टा उमटला, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. दुसऱ्याची एक लाल रेघ, एक निळी रेघ, आणि मध्ये जिथे हिरवा असायचा तिथे काळोख. मास्तर कितीतरी वेळ ती सीडी तिरकी, उलटी, डोळ्यांजवळ धरून पाहत बसले. लग्नानंतर ती इतक्या लक्षाने पहिल्यांदाच कुणी पाहिली होती.

मग त्यांनी ओट्यावर कोथिंबिरीचे दोन ट्रे पेरले, मध्ये पुठ्ठा उभा केला आणि एकावर पांढरा, दुसऱ्यावर जांभळा दिवा टांगला. वर स्वयंपाकघराची ट्यूब होतीच. रोज पट्टी घेऊन मोजमाप चाले. पांढऱ्याखालची कोथिंबीर उंच पण जराशी लवचीक झाली. जांभळ्याखालची बुटकी, ठसठशीत. "पहिलवान!" मास्तरांनी निकाल दिला आणि लिंबाला जांभळा दिवा बहाल केला.

पण तो उजेड खिडकीतून बाहेर पडला की खालून जाणारी माणसं थांबून वर पाहत. "काय हो, हॉटेल काढलंत का?" असं शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी विचारल्यावर मास्तरांनी कुंडी सामानाच्या खोलीत हलवली. या खोलीला खिडकी नव्हती. दिवाही फक्त तो जांभळाच, कारण तिथला जुना बल्ब गेला होता आणि तो बदलायचं काम मास्तरांच्या यादीत बल्बइतकंच जुनं होतं. मास्तरांचं कपड्यांचं कपाटही तिथेच.

चारदोन आठवड्यांत संकट उभं राहिलं. पानं काळी पडली. एखाददुसरं नव्हे, अख्खं झाड काळंठिक्कर, जणू कुणी डांबरात बुडवून काढलं होतं. मास्तरांनी पानं पुसली, पाणी कमी केलं, पाणी वाढवलं, दिवा वर घेतला, खाली घेतला. झाड काळं ते काळंच. त्यात फांद्यांच्या टोकांशी कसल्याशा जांभळट गाठी आल्या.

शेवटी त्यांनी दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर निवृत्त झाले होते, पण सल्ला द्यायचे थांबले नव्हते. खोलीत वाकून त्यांनी एक फांदी हिरडीसारखी दाबून पाहिली.

"किडलंय," ते म्हणाले. "मुळापर्यंत गेलंय. काढून टाका."

"अहो, दात नाही तो!"

"तत्त्व एकच. निदान त्या गाठी तरी उपटा. थांबा, माझा चिमटा देतो."

चिमटा आला. मास्तरांनी तो हातात घेतला, एका गाठीजवळ नेला आणि परत ठेवला. मेव्हण्याने खुपसलेल्या बीच्या अंगावर हत्यार चालवायला हात धजेना. उद्या बघू, असं म्हणून चिमटा कुंडीच्या काठावर राहिला. तेवढ्यात फोन वाजला.

"नात अगदी तुमच्यासारखी आहे हो," बाई म्हणाल्या. "नुसती ओरडते. लिंबू कसंय?"

"मजेत," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांच्या घशातून नमुन्याशी न जुळणाऱ्या कापडासारखा बाहेर आला.

"उद्या सकाळी पोचते."

रोपवाटिकेतून दुसरं लिंबू आणावं, असा विचार मास्तरांच्या मनात येऊन गेला. पण बाई त्या झाडाचा एकेक काटा नातेवाइकासारखा ओळखत. मास्तरांनी खरं सांगायचं ठरवलं, आणि तेही दारातच, धीर सुटण्याआधी.

सकाळी ते सामानाच्या खोलीत गेले. अशा प्रसंगी शोभेल म्हणून त्यांनी कपाटातून काळा सदरा निवडून अंगात घातला. पुन्हा एकवार झाडासमोर बसले. त्याला काय म्हणायचं ते मनात म्हणून झालं, तेवढ्यात घंटा वाजली. बाहेर येताच भिंती, दार, सदरा, सगळंच हिरवट दिसू लागलं. मास्तरांना याचं नवल वाटलं नाही. लालनिळ्या उजेडात फार वेळ बसलं की डोळे काही वेळ जगाला हिरवं करतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दार उघडलं. बाई बॅग घेऊन उभ्या होत्या, हिरव्यागार.

"लिंबू गेलं," मास्तर म्हणाले.

बाईंनी बॅग तिथेच जिन्यात ठेवली. रागावतील, बोलतील, निदान "तुम्ही म्हणजे ना" असं म्हणतील, अशी मास्तरांची तयारी होती. पण त्या चपलाही न काढता सरळ आत गेल्या आणि त्या काळ्या झाडासमोर उभ्या राहिल्या.

"मी सगळं केलं गं," मास्तर मागून म्हणाले. "दिवे आणले. पट्टीने मोजलं. डॉक्टरांना दाखवलं."

"दातांच्या?"

"दुसरे कुणी ओळखीचे नाहीत."

बाईंनी एका पानावरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "याला बाहेर घ्या. असं अंधारकोठडीत नको. जाताना तरी नीट उजेडात बघू दे मला एकदा."

मास्तर कुंडीला हात घालता घालता थबकले. हे वाक्य त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. कुणीतरी ते आयुष्यभर ओरडत आलं होतं. पण विचार करायला वेळ नव्हता, कारण कुंडी जड होती आणि बाई दुसऱ्या बाजूने ओढत होत्या. दोघांनी मिळून ती खरडत, थांबत, कमरेवर हात ठेवत दाराबाहेर जिन्याच्या कठड्याशी नेली. तिथे सकाळचं ऊन येत होतं.

झाड हिरवं होतं.

"अहो!" बाई ओरडल्या.

"थांब. इतक्यात काही बोलू नको," मास्तरांनी हात वर केला. "आता सगळंच हिरवं दिसतं. डोळ्यांचा खेळ असतो तो. थोडं थांबायचं."

मग दोघं जिन्यात कुंडीच्या दोन बाजूंना उभी राहिली आणि हिरवा रंग उडायची वाट पाहू लागली. आधी भिंत पांढरी झाली. मग कठडा तपकिरी झाला. बाईंचा चेहरा रोजचा झाला, फक्त डोळ्यांत पाणी होतं. लिंबू हिरवंच राहिलं. गच्च, तुकतुकीत, जुन्या पिवळ्या पानांचा मागमूस नाही असं हिरवं.

मास्तर पायरीवर मटकन बसले. हसू की रडू हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडंथोडं केलं.

"त्या दिव्यात हिरवा नव्हताच गं," ते म्हणाले. "सीडीवर मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. जे मिळालंच नाही ते बिचारं झाड परत कुठून देणार? पिवळी पानं निदान लाल तरी परत देत होती, नवी हिरवी फुटली ती काळी दिसतील नाही तर काय! आणि मी शेडमास्तर! दिव्याखाली रंग पास केला. नापास केला. एकूण एकच."

"आणि या हो कसल्या?" बाई फांदीच्या टोकावर वाकल्या होत्या.

"त्या गाठी. आज उपटणार होतो."

"कळ्या आहेत त्या."

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. टपोऱ्या, पांढऱ्या, टोकाला किंचित जांभळी झाक असलेल्या कळ्या. कुंडीच्या काठावर डॉक्टरांचा चिमटा अजून तसाच पडला होता. मास्तरांनी तो घाईघाईने खिशात टाकला.

बाईंनी एका कळीला हलकेच बोट लावलं. मग तिलाच म्हणावं तसं म्हणाल्या, "सरबत म्हणे. आला मोठा सांगणारा." आणि पदराने डोळे पुसले.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पडल्याबरोबर त्यांना वाचाही फुटली. ते कठड्याला टेकून उभे राहिले. माणसाने कुठल्याही गोष्टीचा निकाल देण्याआधी ती उजेडात आणली पाहिजे, घराघरांत हे शिकवलं पाहिजे, नातीलाही हे पहिलं शिकवायचं, असं ते हातवारे करून सांगू लागले. खालच्या मजल्यावरची दोन दारं उघडली.

"अहो," बाई म्हणाल्या.

"थांब, मुद्द्यावर येतोय."

"या, सावकाश या. पण त्याआधी तेवढा सदरा बदला."

"का? काळा तर आहे."

"जावयाने दिलेला पोपटी आहे. मेलो तरी घालणार नाही म्हणाला होतात तो. मला वाटलं, नातीच्या आनंदात घातलाय." बाईंनी खाली जमलेल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं. "आणि दुसरा घ्याल तो दारात आणून मला दाखवा. मग घाला."